कारखान्याला गेलेलं गाव

जामखेड सोडलं की सौताड्याचा घाट लागतो. आंबा घाट नाहीतर फोंडा घाट उतरून कोकणात जायची सवय असलेल्या माणसाला याला घाट म्हणताना जरा जिवावर येतं. थोडी वळणं, थोडी चढण, आणि वर पोचावं तर समोर सगळं सपाट. बालाघाटाचं असंच आहे. गोदावरीच्या बाजूनं पाहिलं तर डोंगर, वर चढून आलं तर माळ. बीड जिल्ह्यातली माणसंही आपल्या मुलखाची वाटणी अशीच करतात. खाली गेवराई-माजलगावची काळी गंगथडी, आणि वर आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीचा डोंगरपट्टा.

सौताड्याला रस्त्यापासून थोडं आत गेलं की हा माळ एकाएकी तुटतो. विंचरणा नदी तिथून खाली झोकून देते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात इथं पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. मी गेलो तो मार्गशीर्षात. कड्यावरून एक बारीक धार कशीबशी उतरत होती आणि चहाच्या टपरीवर मी एकटाच गिऱ्हाईक होतो. "गर्दी नाही आज?" म्हणून विचारलं, तर टपरीवाला म्हणाला, "गर्दी कशाची बाप्पा? समदा तालुका कारखान्याला गेलाय."

कारखान्याला जाणं म्हणजे काय, हे मला सांगावं लागलं नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यातला, पंचगंगेकाठच्या उसाच्या गावचा. दिवाळीच्या मागंपुढं आमच्या गावाबाहेरच्या पडीक रानात कोप्या उभ्या राहतात. वर पाचट किंवा ताडपत्री, आत हातभर उंचीचा संसार, बाहेर बैलांच्या टायरगाड्या आणि पहाटे तीनला पेटणाऱ्या चुली. पोरं असताना आम्ही त्यांच्याकडून म्हशीसाठी वाढे विकत आणायला जायचो. नाव-गाव विचारायची रीत नव्हती. 'बीडकडची माणसं' एवढ्यावर भागायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला पट्टा पडून हंगाम संपला की एका सकाळी रान मोकळं झालेलं असायचं, चुलींचे तीन-तीन दगड तेवढे मागं. ती माणसं परत जातात ते घर कसं असेल, असं आमच्याकडं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. आता ती सगळी माझ्या गावाकडं असताना मी त्यांच्या गावाकडं निघालो होतो.

ओस पडलेली गावं बघायला हल्ली लोक हौसेनं जातात. विशेषतः खाणींची गावं. कर्नाटकातल्या कोलारला शंभरावर वर्षं सोनं उपसलं, २००१ मध्ये खाणी बंद झाल्या, आणि मागं साहेबांचे बंगले, जुना क्लब आणि खाणीतून निघालेल्या मातीच्या टेकड्या राहिल्या. खाण कामगारांची पुढची पिढी रोज रेल्वेनं बंगळूरला कामाला जाते. बालाघाटाच्या पोटात मात्र काळ्या पाषाणाशिवाय काही नाही. इथून उपसली जातात ती माणसं, आणि खाण अजून चालू आहे.

पाटोद्याकडं जाताना दोन्ही अंगांना पवनचक्क्या दिसायला लागतात. ज्या माळाकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिथला वारा आता विकला जातो. त्यांच्या पायथ्याशी गुडघ्याएवढी ज्वारी, बोंडं वेचून संपत आलेली कपाशी आणि बांधाबांधाला सीताफळाची झाडं. सीताफळ ही या डोंगराची खरी मिरास. कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही, तरी फळाला अशी गोडी की २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे फळ दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला पिकतं, आणि नेमकी तेव्हाच खाणारी माणसं टेम्पोत बसत असतात. मी गेलो तेव्हा झाडांवर काळी पडून वाळलेली चुकार फळं लोंबत होती.

नायगावचं मयूर अभयारण्य याच बाजूला आहे. मला मोर दिसले ते मात्र अभयारण्याच्या अलीकडंच, एका वाडीत, कुलूप लावलेल्या घराच्या माळवदावर. दोन लांडोरी आणि एक मोर, अगदी घरच्यासारखे.

त्या वाडीतच मी गाडी थांबवली. आमच्याकडची घरं कौलारू, उतरत्या छपराची, चार महिने पाऊस झेलायला बांधलेली. इथं दगडामातीच्या भिंती आणि वर सपाट मातीचं माळवद. पाऊस कमी हे छपरावरूनच कळतं. जिल्ह्याची वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्याही आत. आमचा गगनबावडा हा आकडा जुलै संपायच्या कितीतरी आधी ओलांडतो. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, पण तिचं पाणी अडतं ते पार खाली धनेगावला, आणि तिथून पितं लातूर. ते धरणही कोरडं पडलं तेव्हा, २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. नदी जिथं जन्मते तिथल्या बायका मात्र टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसतात. आमच्याकडं शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, म्हणून मी उसाच्या गावचा झालो. यात माझं कर्तृत्व काय?

गल्लीत शिरलो. एका रांगेत कुलपं. काही नवी, पितळी, चकचकीत, काही गंजलेली, एके ठिकाणी कुलूपच नाही, नुसती तार पिळून बसवलेली. अंगणात गुरं शिरू नयेत म्हणून बाभळीचे फाटे आडवे लावलेले. पाण्याचा रांजण पालथा. तुळशीवृंदावनातली तुळस मात्र हिरवी होती, म्हणजे कुणीतरी शेजारचं रोज तांब्याभर पाणी घालत असणार. घर सोडताना किल्ली ठेवायची आणि तुळस सांभाळायला सांगायची, ही जबाबदारी मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची. एका म्हातारीच्या कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा! प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी. लिहिता-वाचता येत नाही, पण कुठली चिंधी कुणाच्या दाराची, हे तिला अंधारातही कळतं.

ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पाणी मागितलं. तांब्या हातात देऊन तिनं विचारलं, "कंच्या कारखान्याचे तुम्ही?"

कोल्हापूरचा, म्हणालो. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. वारणा का बिद्री का शिरोळ, असं तिला हवं होतं. मी सांगितलं, आणि म्हातारीनं माझ्या मुलखाचा नकाशा माझ्यापुढं मांडला. कुठल्या गावच्या फडात दलदल असते, कुठल्या गावची माणसं विहिरीवर पाणी भरू देतात आणि कुठली देत नाहीत, नदीकाठाला पौषात थंडी कशी हाडात शिरते. वीस-बावीस हंगाम तिनं आमच्या बाजूला काढलेले. जोतिबा पाहिलेला नाही, अंबाबाई एकदाच, तीही रात्री ट्रकमधून कळसाला हात जोडून. पण आमच्या शिवारातल्या पायवाटा तिला पाठ.

"आता पोरगा-सून जातेत. ही लेकरं माझ्यापाशी." तीन लेकरं तिच्या मागून माझ्याकडं बघत होती.

चहा आला तो कोरा. म्हैस विकली म्हणाली. साखर मात्र एवढी की ओठ चिकटावेत. मग जेवायलाही बसवलं. आमच्याकडं जेवायला वाढतात तेव्हा यजमान डोक्यावर उभा असतो. घ्या, घ्या म्हणून गळ्यापर्यंत आग्रह, आणि नाही म्हटलं तर रुसवा. इथं म्हातारीनं बाजरीची भाकर, येसराची आमटी, ठेचा आणि ओल्या तुरीचे परतलेले सोले असं ताट पुढं सारलं आणि स्वतः पाठ फिरवून पुन्हा शेंगा सोलायला लागली. पाहुण्याला लाज वाटू नये, त्यानं पोटभर खावं, म्हणून त्याच्याकडं बघायचंच नाही. टोपल्यात आणखी भाकरी कुठं आहेत ते तेवढं सांगून ठेवलं. हा पाहुणचार मला जास्त भावला. येसराला भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा जो खमंगपणा असतो, तो आमच्या तांबड्या रश्शाच्या झणझणीतपणापुढं पहिल्या घासाला फिका वाटतो. तिसऱ्या घासाला मत बदलतं.

शेजारच्या घरातली एक बाई येऊन उंबऱ्याशी टेकली. वय चाळिशीच्या आतलं असावं. यंदा ती गेलेली नाही. म्हातारीनंच सांगितलं, "तिची पिशवी काढलीय. मोळी उचलवत न्हाई." जशी एखाद्याला पडसं झालंय म्हणून सांगावं तसं.

ऊसतोडीचा हिशेब माणसात होत नाही, कोयत्यात होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. हंगामाआधी मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो आणि ती उचल ऊस तोडून फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे वर दंड. बाईला पाळीचे चार दिवस, बाळंतपण, अंगावरून जाणं, यातल्या कशालाही त्या हिशेबात खाना नाही. फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि डोक्यावरची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. मग कुणीतरी डॉक्टर सांगतो की पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ मध्ये हे प्रकरण विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहांत एक. उंबऱ्याशी टेकलेल्या त्या बाईनं मला विचारलं, तुमच्याकडं यंदा उसाला भाव काय? मी सांगितला. "बरा हाय की," ती म्हणाली.

आमच्याकडं शेतकऱ्यांचीही गाऱ्हाणी असतात, ती खोटी नाहीत. तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला खुशाली द्यावी लागते, गाडीवाल्याला एन्ट्री द्यावी लागते. उचल घेऊन मुकादम गायब झाला आणि वाहतूकदार कर्जात बुडाला, अशी उदाहरणं प्रत्येक गावात आहेत. हे सगळं मी लहानपणापासून पारावर ऐकत आलोय, आणि दर वेळी ऐकताना 'ती माणसं' असंच ऐकलंय. माळवदाखाली बसून ती खुशाली कुणाच्या औषधाला गेली असेल याचा विचार डोक्यात आला, तेव्हा पारावरच्या आमच्या गप्पा जरा पोकळ वाटल्या.

वाडीची शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. पटावर नावं आहेत, वर्गात पोरं निम्मी. पूर्वी आई-बापांबरोबर सगळीच फडावर जायची. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. आता गावातच हंगामी वसतिगृह चालवतात, आजी-आजोबांकडं राहणाऱ्या पोरांना दोन वेळचं जेवण देतात. गुरुजी उत्साही होते. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, आणि त्यावर पोरांनी आपापल्या आई-बापांच्या जागी खडूनं ठिपके दिलेले. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं ठिपक्यांची दाटी, आणि काही ठिपके सरहद्द ओलांडून बेळगावच्या बाजूच्या भिंतीवर. सहावीच्या वयाच्या दोन मुली सारख्या कुजबुजत होत्या. त्या पुढल्या वर्षी इथं दिसतील का, हे मी गुरुजींना विचारलं नाही. बालविवाहांत हा जिल्हा राज्यात वरच्या रांगेत आहे. घरात मुलगी एकटी ठेवायची भीती, आणि लग्न लावलं की नवा कोयता तयार. दोन्ही गोष्टी एकाच मांडवात उरकतात.

हे गाव ओस आहे असं म्हणायला माझी जीभ रेटेना. गाव आहे, ते फक्त इथं नाही. त्याच्या चुली माझ्या गावाबाहेर पेटतात, त्याची बाळंतपणं आमच्या बांधावर होतात, त्याची भांडणंही तिथंच मिटतात. इथं उरलीत ती घरं, किल्ल्या आणि तुळशी. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांनी पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली, आणि १९७२ च्या दुष्काळानं या डोंगरातून निघालेली वाट घट्ट केली. सहकार महर्षींचे पुतळे आमच्याकडं चौकाचौकात आहेत. कोयता हातात घेतलेल्या बाईचा पुतळा माझ्या पाहण्यात नाही.

या लोकांचा वर्षाचा सगळा मांड हंगामाभोवती फिरतो. जवळच सावरगाव घाट, भगवानबाबांचं जन्मगाव. दसऱ्याला तिथं मेळावा भरतो, लाखाच्या गर्दीचा, आणि सीमोल्लंघन करून माणसं जी निघतात ती पाडव्याच्या आगंमागंच परततात. जत्रा, लग्नं, जावळं, घरभरणी, सगळं चैत्र-वैशाखात. आमच्याकडं तेव्हा ऊस तुटून गेलेला असतो आणि आम्ही यात्रांना मटण शिजवत असतो. दोन्हीकडचे उत्सव एकाच महिन्यात येतात, पण एकमेकांच्या उत्सवाला कुणी कुणाला बोलावल्याचं मला आठवत नाही.

मांजरसुंब्याला रबडी खाल्ली. दाट, खरपूस, साय सुटलेली. थांबलेल्या प्रत्येक गाडीतली माणसं वाट्या चाटत होती. डोंगरात म्हशी विकल्या जातात आणि नाक्यावर रबडी खपते, यावर अधिक बोलून तोंडाची चव घालवत नाही.

धारूर हे डोंगरपट्ट्यातलं जुनं, एके काळचं तालेवार गाव. आदिलशाही सरदार किश्वरखानानं १५६७ मध्ये इथं किल्ला बांधला, तो निजामशाहीनं घेतला, १६३१ मध्ये मोगलांनी घेतला आणि गावाचं नाव फतेहाबाद ठेवलं. इथं टांकसाळ होती. फतेहाबाद-धारूरचा ठसा असलेली मोगली नाणी आजही संग्राहकांकडं आहेत. दख्खनचा रस्ता या घाटातून जायचा तोवर इथं पैसा पाडला जात होता, आता इथली माणसं पैसा आणायला तीनशे किलोमीटरवर जातात. किल्ल्यात गेलो. दरवाजे भक्कम, तट बऱ्यापैकी शाबूत, आत सुकं तळं आणि गवत. किल्ला कुणी सोडून गेलं ते परत आलं नाही. वाडीतल्या कुलपांनंतर हे ओसाडपण फार स्वस्थ वाटलं. तिथं कुणाची वाट बघणं नव्हतं.

धारूरचा घाट तेलगावकडं उतरतो. तेलगावला कारखाना आहे, जिल्ह्यात आता आणखीही आहेत, तरी टोळ्या लांबच जातात. उचल तिकडं जास्त मिळते. घाटाच्या तोंडाशी हॉटेलात एक गाडीसेंटरचा, म्हणजे बैलगाडीवाल्या टोळीचा, मुकादम भेटला. साठीचा, फेटेवाला, एक गुडघा पट्ट्यानं बांधलेला. त्याची टोळी कधीच पुढं गेलेली. बैल आजारी पडला म्हणून मुलाला मागं ठेवून तो औषधासाठी दोन दिवस घरी आला होता. मुकादमाची माझ्या डोक्यातली मूर्ती म्हणजे सोन्याची साखळी आणि पांढरी जीप. तशीही असतात, धारूरात मी टाइल्स लावलेले त्यांचे बंगले पाहिले. हा मात्र स्वतःच वाहतूकदाराचा देणेकरी होता. चार कोयत्यांनी उचल घेऊन दांडी मारली, ती त्याच्या अंगावर.

मी म्हणालो, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले ना? तो म्हणाला, वाढले की. किराणाही वाढला, आणि दवाखाना त्याच्या दुप्पट. मग हार्वेस्टरवर आला. तुमच्याकडं यंत्रं किती आली, शेतकरी खूश हैत का, पाचरट किती राहते, ओल्या रानात रुतते का, असे खोदून खोदून प्रश्न. ओल्या रानात रुततं म्हटल्यावर त्याला बरं वाटलेलं दिसलं. यंत्र आलं तर कोयत्याची हाडं वाचतील असं मी बोलून गेलो. तो हसला. "हाडं वाचतील, बाप्पा. पर मग ती घिऊन बसायचं कुठं? ह्या माळावर?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शासनानं गोपीनाथ मुंड्यांच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ काढलंय, पोरांसाठी भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं काढलीत. त्यानं दोन्ही नावं ऐकून हात जोडले. पुढं काही बोलला नाही.

मग गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं तसा तो सरसावून बसला. "म्हंजी नदीकडंची पाणंद. वडाच्या विहिरीवरून खाली उतरती ती."

तीच, म्हणालो.

"तिथं माझा बैल बसला मागल्या साली. भरली गाडी. सारं गाव बघत हुतं, हात लावला न्हाई कुणी. किती वर्षं झाली, मुरूम टाकू, मुरूम टाकू. तुमचा सरपंच वळखीचा हाय का?"

भावकीतलाच आहे, म्हटलं. गेल्यावर सांगतो.

"गेल्यावर नगं. आत्ता लावा फोन. परवा माझं पोरगं त्याच फडात उतरणार हाय."

लावला. पलीकडून सरपंच ओरडला, कुठं मेलायस, सोसायटीची बैठक होती काल. मी धारूरला आहे म्हणालो. हे कुठं आलं, तिथं तुझं काय काम, असं तो विचारतोय तोवर मुकादमानं हात पुढं करून फोन माझ्याकडून काढून घेतला, "रामराम सरपंच," म्हणाला आणि थेट मुरमाच्या ट्रॉल्या किती लागतील यावरच आला.